‘बाटलीत अत्तर नाही, अफवा भरली आहे’ असं लिहिणाऱ्या ग्राहकांना

नमस्कार. आमच्या कोलोनने तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. तुम्ही एक तारा दिलात, तोही ‘बाटली दिसायला बरी आहे म्हणून’. बाटली आम्ही बनवत नाही, तयार आणतो. म्हणजे हिशेबाने आमच्या वाट्याला शून्यच आलं. असो.

ज्यांनी तुमचा रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला फवारा मारताच ‘लिंबाने दारावरची बेल वाजवली आणि पळून गेलं’, मग ‘डांबरगोळ्या टाकलेल्या कपाटात कोणीतरी मोगरा विसरल्यासारखा’ वास आला आणि अर्ध्या तासात सगळं गायब. म्हणून अफवा.

खोटं कशाला बोलू, लिंबाचं वाक्य वाचून मीही हसलो. पॅकिंगची मुलं ते एकमेकांना वाचून दाखवत होती, मी आत गेल्यावर गप्प झाली. विनोदाला आमची ना नाही. हौशी मंडळी सुगंधांवर इतकं मोकळेपणाने लिहितात म्हणून तर आमच्यासारख्या लहान धंद्याचं नाव चार लोकांपर्यंत पोचतं, जाहिरातीला पैसा आहे कुठे? पण तुमचा रिव्ह्यू वाचून काहींनी ऑर्डर रद्द केल्या, आणि एकाने फोन करून ‘ती अफवा अजून स्टॉकमध्ये आहे का’ असं विचारलं. त्याला बाटली दिली. आनंद मानायचा की नाही, अजून ठरत नाहीये.

लिंबाबद्दल तुमचं बरोबर आहे. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांच्या सालीच्या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते भराभर उडतं. अंगावर पंधरा-वीस मिनिटं राहिलं तरी पुष्कळ. जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना या अत्तरवाल्यांची पेढी 1709 साली सुरू झाली तेव्हापासून कोलोनचा स्वभाव हाच आहे, आला, ताजंतवानं केलं, निघाला. यात सुगंधी द्रव्यं साधारण 2 ते 5 टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. ज्यांना दिवसभर दरवळ हवा असतो त्यांनी ओ द पार्फ्यूम घ्यावं, त्यात हेच प्रमाण 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जातं. आमच्या बाटलीवर ‘कोलोन’ हा शब्द चांगला ठळक छापलेला आहे. तुम्हाला आवडलेल्या त्याच बाटलीवर.

डांबरगोळ्यांबद्दल खरं तर तुमचं अभिनंदन करायला हवं. तो वास इंडोल नावाच्या द्रव्याचा. अस्सल मोगऱ्याच्या, जाईच्या अर्कात तो मुळातच असतो. एकटा हुंगला तर डांबरगोळ्याच काय, त्याहून वाईट जागा आठवते. पण तो काढून टाकला की फूल मेलं, उरतो साबण. आम्ही तो ठेवलाय आणि यापुढेही ठेवणार, कुणी कितीही तारे कापले तरी.

राहिलं ‘गायब’. इथे मात्र मला बोलू द्या, कारण ऑर्डरी गेल्या त्या या एका शब्दापायी.

तुमच्याच रिव्ह्यूच्या अगदी शेवटी, लोक जिथवर वाचत नाहीत तिथे, तुम्ही लिहिलंय की ‘वास येईना म्हणून अकरा फवारे मारले’. त्यापुढे लिहिलंय की लिफ्टमधले दोघे पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले. आणि संध्याकाळी घरी पोचलात तर बायकोने काही न विचारता खिडक्या उघडल्या. अहो, अर्ध्या तासात गायब झालं होतं तर त्या दोघांनी जिना कशाला चढायचा?

वास गेला नव्हता. तुमच्या नाकाने तो कळवायचं बंद केलं होतं. एकच वास सतत येत राहिला की त्याची दखल घेणं थांबतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, त्यातलंच हे. शिवाय या कोलोनच्या तळाला आम्ही लिंबाच्या भरवशावर न राहता आयसो ई सुपर हे लाकडासारखा वास देणारं कृत्रिम द्रव्य आणि थोडं कृत्रिम मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास देणारं द्रव्य, वापरलंय. आयसो ई सुपरची तर ख्यातीच आहे की लावणाऱ्याला मध्येच काही येईनासं होतं आणि शेजारचा विचारतो, काय लावलंय? मॉलिक्यूल 01 नावाचं परफ्यूम 2006 मध्ये आलं. त्यात सुगंधी द्रव्य म्हणून हे एकच आहे, आणि तेही लोक असंच ‘येतंय, जातंय’ म्हणत वापरतात. काही मस्कांचे वास तर काहींना जन्मात येत नाहीत, नाक इतर बाबतीत कितीही तयार असलं तरी. हा तुमचा दोष नाही. पण आमचाही नाही ना!

त्यात भर म्हणजे त्याच बैठकीत मनगटापासून कोपरापर्यंत इतर पाच सुगंध लावले होते, हेही तुम्हीच सांगितलंय. आणि मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगल्यात. त्याने नाक ताजं होत नाही, नाकाला आणखी एक वास मिळतो, बस. आम्ही वास बघताना फवारा मारलेल्या कागदी पट्टीवर वेळ लिहितो, पट्टी दुसऱ्या खोलीत ठेवून मोकळ्या हवेत जाऊन येतो आणि मधे हुंगायचंच तर स्वतःची बाही हुंगतो. तासाभराने परत आलं की लिंबू गेलेलं असतं, मोगरा बसलेला असतो आणि खाली कोरड्या लाकडासारखं काहीतरी हळूच लागायला लागतं. त्या शेवटच्या भागावर आमची सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि तुमच्या रिव्ह्यूत त्याचा उल्लेखच नाही. याचं वाईट वाटलं, बाकी कशाचं नाही.

सूचनांचा विचार चालू आहे. टिकण्याच्या बाबतीत काही करता येतं का ते बघतोय, बाटलीसोबत वापराची चिठ्ठी वगैरेही द्यायचं मनात आहे.

तारे वाढवा असं म्हणणार नाही, ते शोभत नाही. फक्त अकरा फवाऱ्यांची ओळ रिव्ह्यूत वर घेता आली तर बघा. आमचं पोट यावर आहे.

उघडलेली बाटली परत घेता येत नाही. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिलीलिटर जातं, म्हणजे तुमची एक मिलीलिटरच्या वर एकाच सकाळी संपली. पण याच कोलोनची छोटी कुपी आमच्यातर्फे पाठवतोय, पत्ता ऑर्डरमध्ये आहेच. दोनच फवारे मारा, कपड्यावर, आणि टिकलं की नाही ते स्वतः ठरवू नका. वहिनींना विचारा.