शॉर्टकट पाण्याला, साखरेला नाही

मेपल झाडाचा रस आटवून त्याचं सिरप, म्हणजे गोड पाक, घरी झटपट कसं करायचं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "आरओ लावून तीन तासांत उरकलेलं मेपल सिरप म्हणजे नुसतं गोड पाणी. आमच्या गुऱ्हाळावर काहील तासन्‌तास धगधगते, तेव्हा कुठे काकवीला चव येते." गुऱ्हाळाचं नाव काढलंत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

काहिलीत ओततात तो उसाचा रस मुळातच १५ ते २० टक्के गोड. इथे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये माझ्या परसातल्या पाच मेपलांचा रस जेमतेम २ टक्के. चाखलात तर पाणीच म्हणाल. अशा ४० लिटरांचं साधारण १ लिटर सिरप होतं. आता हिशोब करा. ४० लिटर आटून ४ लिटर उरतात, तेव्हा कुठे तो उसाच्या रसाच्या गोडीला पोचतो. जे ३९ लिटर पाणी घालवायचं त्यातलं ३६ लिटर, तुमचा गुळव्या चुलवाण पेटवतो त्याच्याही आधीचं! त्यासाठी रात्र जागवली तर सरपण संपतं, चव फारशी वाढत नाही. खमंगपणा येतो तो साखर दाट होऊन तापत राहते तेव्हा.

म्हणून माझी सगळी घाई त्या पहिल्या पाण्यापुरती. आरओने, म्हणजे पाणी गाळून वेगळं काढणाऱ्या फिल्टरने, रस २ वरून ४ टक्क्यांवर आणला की निम्मं पाणी चुलीवर चढण्याआधीच गेलं. (घरच्या आरओच्या नेमकं उलट: इथे पाणी फेकायचं आणि फिल्टर अडवतो ते ठेवायचं.) आरओ नसेल तर रात्री बादली बाहेर ठेवा, सकाळी वरचा बर्फ काढून टाका, साखर बहुतेक खालच्या रसातच राहते. पातेलं मात्र खोल नको. बुफेला असतात तसे पसरट स्टीलचे ट्रे, त्यात दोन-तीन बोटं रस आणि मनगटाएवढी फोडलेली वाळकी लाकडं. थंड रस एकदम ओतला की उकळी बसते, म्हणून शेजारच्या भांड्यात तो आधी गरम करून मग धार लावायची.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. माझी पहिली खेप खरंच फिकी झाली होती, पिवळसर आणि मिळमिळीत. आरओच्या उत्साहात मी शेवटचा टप्पाही फुल्ल आचेवर उरकला होता. पुढच्या खेपेला आच तशीच ठेवून जास्त वेळ ताणलं, तर तळ लागला. काळं झालं, पण करपट. खमंग आणि करपट यांतला फरक तुम्हाला मी काय सांगणार!

हल्ली ट्रेमधला दाट रस जाड बुडाच्या पातेल्यात काढतो आणि मंद आचेवर ठेवतो. ते पातेलं दर वेळी रिकामं करत नाही, दिवसभर त्यातच नवा दाट रस घालत राहतो. तळातली जुनी साखर तासन्‌तास शिजते आणि रंग तिथे चढतो. तुमचे शेजारी बारा तास एकाच भांड्यात उकळतात म्हणालात ना, त्यांच्या सिरपला येणारा काळेपणाही असाच, फक्त त्यांना त्यासाठी सगळं पाणीही त्याच भांड्यात जाळावं लागतं.

आणि रस कधीचा, हेही बघा. हंगामाच्या अखेरीला ऊब वाढली की रसातले जिवाणू सुक्रोज (साधी साखर) फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात. ते लवकर तांबूस होतात, म्हणून मार्चअखेरचं सिरप आपसूकच गडद. झाडाला कळ्या फुगल्या की मात्र थांबा, त्या रसाला विचित्र वास येतो.

१०४ अंशांना उतरवूनही तुमचं पातळ का राहिलं, असंही विचारलंय. आधी थर्मामीटर तपासा: साध्या उकळत्या पाण्यात तो किती दाखवतो ते पाहा आणि त्यात ४ मिळवा, तेवढ्याला उतरवायचं. हवेचा दाब बदलला की तो आकडाही हलतो, तेव्हा हे त्याच दिवशी करायचं.

"शेवट मंद आचेवर" ही ओळ मूळ लेखात पार तळाशी टाकली होती. आज ती वर आणली.