लग्न झालं म्हणजे ट्रायकेअर सुरू झालं असं नाही

'अमेरिकी सैन्यातल्या मुलाशी लग्न लागलं की ट्रायकेअर (सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा लष्करी आरोग्य विमा) आपोआप मिळतं, पण जुन्या डॉक्टरची प्रिस्क्रिप्शनं बाद होतात' असा मेसेज फिरतोय. दोन्ही चूक.

आधी नवऱ्याने डीअर्समध्ये (सैनिक आणि कुटुंबीयांच्या लष्करी नोंदणी यंत्रणेत) बायकोची नोंद करावी लागते. मग लग्नापासून 90 दिवसांत ट्रायकेअरची योजना निवडायची. ही नोंद राहिली तर औषधाच्या काउंटरवर नुसतं मॅरेज सर्टिफिकेट दाखवून भागत नाही!

लष्कराबाहेरच्या अमेरिकी डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लष्करी फार्मसीतही चालतं. तिथल्या औषधांच्या यादीतलं औषध फुकट मिळतं. काही औषधांना मात्र पूर्वमंजुरी लागते, म्हणून नाव आधी तपासा आणि जुना विमा संपण्याआधी रिफिल घेऊन ठेवा. पुण्याच्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालत नाही, हे खरं. पण त्याचा लग्नाशी संबंध नाही.