फुटाचे पैसे रिगवाल्याला, दक्षिणा पाणाड्याला, आणि आमची फी 'पाणी लागल्यावर'

मागच्या आठवड्यात शिंदखेडा तालुक्यात एका शेतावर गेले होते. नाना सत्तरीच्या पुढचे, शेत साडेचार एकर, आणि तेवढ्यात तीन कोरडे बोअर. तिसरा 620 फुटांचा. तिन्ही मिळून दोन लाखांच्या आसपास रुपये त्या मातीत गेलेत, कर्ज सोसायटीचं आणि थोडं जावयाचं. मला बोलावलं चौथ्यासाठी. मी गाडीतून मीटर आणि केबलची रिळं काढत होते तेव्हा नाना म्हणाले, "ताई, सायेब कव्हय येतीन?" म्हटलं, नाना, सायेब मीच. ते ओशाळले, घरात चहा सांगितला, मग फी विचारली. दोन हजार. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पानी लागनं का मंग देसू."

पंधरा वर्षं हे काम करतेय. भूजलाचं, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे, कुठे नाही, हे सांगायचं. हे वाक्य मला आता पाठ आहे. नानांचा राग नाही. पण याच नानांनी तिन्ही वेळा रिगवाल्याला, म्हणजे बोअर खोदणाऱ्या मशीनवाल्याला, बांधावरच रोख पैसे मोजले, भोक कोरडं असताना. रिगवाल्याला कुणी म्हणत नाही की पाणी लागल्यावर देतो. त्याचे पैसे फुटावर. वर तीनशे फुटांपुढे दर चढतो, म्हणजे पाणी जितकं लागत नाही तितकी त्याची कमाई जास्त. पाणाड्याही नारळ आडवा धरून, तो उभा झाला की 'इथे पाणी' म्हणतो आणि दक्षिणा घेऊन जातो. त्या बांधावर "इथे खोदू नका" म्हणण्यात जिचं नुकसान नाही अशी मी एकटी, आणि उधारीही माझीच.

नानांच्या शेतात काय झालं होतं ते सांगते. धुळे-नंदुरबार भाग डाईकसाठी जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे. साक्री रोडने जाताना सरळ रेषेत गेलेल्या काळ्या, अरुंद टेकड्या दिसतात ना, त्याच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, त्यांना पडलेल्या भेगांत पुन्हा लाव्हा घुसला आणि थिजला. जमिनीत उभ्या पुरलेल्या भिंतीच त्या. पाणी वाहत येतं आणि भिंतीला अडतं. वरच्या अंगाला विहीर भरलेली आणि खालच्या अंगाला पन्नास पावलांवर खडखडाट, असं इथे सर्रास दिसतं. (कधी भिंतच तडकलेली असते आणि पाणी तिच्यातूनच मिळतं. म्हणून तर मोजावं लागतं.) नानांचे तिन्ही बोअर खालच्या अंगाला, एका ओळीत. पहिल्याच वेळी कुणी जमिनीत चार खिळे ठोकून, करंट सोडून, खालचा खडक त्याला किती अडवतो हे मीटरवर बघितलं असतं तरी पुरलं असतं.

पण बघणार कोण? आमच्या भूविज्ञानाच्या एमएस्सीच्या वर्गात बावीस जण होतो, नऊ मुली. आज खडक-पाण्याशी संबंध असलेलं काम करणारे सहा. दोघं जिऑलॉजिकल सर्व्हेत लागले, एक आखातात तेलविहिरीवर मड लॉगिंग करतो (खोदताना वर येणाऱ्या चिखलातून खडकाची नोंद ठेवायची), दोघं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि दिवाळीच्या सुट्टीत बिनपगारी असतात. सहावी मी. बाकी पोलीस, बँक, एलआयसी. एकाने सुरतेला साडीचं दुकान टाकलं. तो भेटला की आवर्जून विचारतो, "मॅडम, अजून दगडंच का?"

नऊ मुलींपैकी फील्डवर मी एकटी. त्यांना दगड आवडत नव्हते असं अजिबात नाही, ट्रिपला सगळ्यात पुढे त्याच असायच्या. पण दिवसभर शिवारात, सोबत दोन अनोळखी हेल्पर, संडासाची सोय नाही, परतायला रात्र. घरचे म्हणतात, बीएड कर. खाणीत तर बायकांना जमिनीखाली उतरायची कायद्यानेच बंदी होती, 1952 पासून. ती 2019 मध्ये सैल झाली, म्हणजे आमच्या बॅचनंतर.

पगाराचं बोलू, कारण पोरं इनबॉक्समध्ये तेच विचारतात. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते. तिच्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा केंद्रीय भूजल मंडळात लागलात तर मूळ वेतन 56,100 पासून, वर भत्ते. उत्तम नोकरी. पण 2023 च्या जाहिरातीत जागा होत्या 285 आणि 2024 ला 56, अख्ख्या देशासाठी, त्याही भूभौतिक आणि रसायनवाले धरून. राज्यातल्या भूवैज्ञानिकांच्या जागा एमपीएससीतून भरतात, आणि त्या जाहिरातीची वाट बघण्यात वयाची मर्यादा संपलेली माणसं मी ओळखते. उरतं कंत्राट. मी स्वतः एका योजनेत तीन वर्षं होते, 28 हजारांवर, दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड देऊन पुन्हा ऑर्डर. एकदा ऑर्डर चार महिने आलीच नाही. गावोगावची निरीक्षण विहीर, म्हणजे पाण्याची पातळी नोंदवायला ठरवलेली, मात्र मी त्या चार महिन्यांतही मोजली, कारण नोंदीत भोक पडलं की मागची वर्षंही फुकट जातात. ते पैसे अजून यायचेत.

अमेरिकेतल्या भाच्याने त्यांच्या कामगार खात्याचे आकडे पाठवले. तिकडे हायड्रॉलॉजिस्टचा, म्हणजे पाण्याच्या अभ्यासकाचा, मधला पगार वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास. मी त्याला लिहिलं, बाबा, त्यांच्याकडे असे लोक जेमतेम सहा-सात हजार. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपला आहे, वर्षाला 240 अब्ज घनमीटरच्या वर. मग सांग, जास्त गरज कुणाला?

तापीपलीकडे जा. रावेर-यावलचा केळीपट्टा. तिथे खडक नाही, शेकडो फूट गाळ आहे, सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेल्या पाण्यावर पोसलेला. दोन्ही तालुके सरकारी यादीत अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसणारे. पाणी इतकं खाली गेलंय की मोटार खोल सोडताना माणूस देवाचं नाव घेतो. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानुसार खोल विहीर म्हणजे 60 मीटरच्या पुढची, आणि तिला आळा आहे. 60 मीटर म्हणजे 200 फूट. इकडे 200 फुटांना रिगवाला नुसता चहा प्यायला थांबतो.

त्याच पायथ्याशी पाणी जिरवायचा तापी महापुनर्भरण प्रकल्प आहे. 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार झाला, खर्चाचा आकडा 19 हजार कोटींच्या वर. मी या प्रकल्पाच्या बाजूचीच आहे, सातपुड्याचा तो पायथा पाणी प्यायलाच बसलाय. पण पाणी कुठे मुरलं, किती मुरलं, गाळाने मुरायची तोंडं बुजली का, हे दरवर्षी विहिरी मोजूनच कळणार. ती मोजणारी माणसं कायमच्या पगारावर असतील की अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर? कालवे, बोगदे, सिमेंट यांच्या निविदा निघतील. मोजणाऱ्याची निविदा निघते तेव्हा कमीत कमी दरवाला घेतात, आणि तो टेबलावर बसून आकडे भरतो. असे आकडे मी तपासलेत. वैशाखात विहिरीची पातळी श्रावणापेक्षा वर!

नानांना मी सांगितलं, चौथा बोअर घेऊ नका. वरच्या अंगाला त्यांच्या चुलतभावाची जुनी विहीर आहे, गाळ भरलेली. ती दोघांनी मिळून उपसा, आणखी पंधरा फूट खोल करा, पाणी वाटून घ्या. भाऊबंदकी आहे, बारा वर्षं बोलणं नाही. नाना म्हणाले, "यान्हापेक्षा बोअर सस्ता पडी." दोघं हसलो. काल रात्री फोनपेवर एक हजार आले, खाली लिहिलंय 'अर्धे'. उरलेले बहुधा भाऊ बोलायला लागला की.

मंगळवारी साक्रीकडे दोन ठिकाणं आहेत, तिसऱ्याला वेळ देऊ शकते. फी दोन हजार, मीटर गाडीतून उतरवण्याआधी. पाणी नसेल तर नाही म्हणून सांगेन, त्याचेही तेवढेच. नारळ आणू नका.