पैशाचा हिशेब होतो, खर्र्याचा होत नाही

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर थोड्याफार फरकानं पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: "तंबाखूमुक्तीच्या नावावर सरकारी पैसा येतो, तो कुठं जातो हे कोणी तपासत नाही. पावत्या फाडल्या, शाळेवर फलक लावला, फोटो टाकला, झालं काम. बायका तर आधीपेक्षा जास्त खायला लागल्या, हे सरकारचंच सर्वेक्षण सांगतं. कार्यक्रम बंद करा." यातला राग खरा आहे. पण निम्मी विधानं चुकीची आहेत, आणि जी बरोबर आहेत त्यांचं खापर भलतीकडेच फोडलंय.

"कोणी तपासत नाही"

तपासतात, तेही अनेक पायऱ्यांवर. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम 2007-08 मध्ये सुरू झाला. आता त्याचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. वार्षिक आराखड्यात प्रशिक्षण, शाळा, जनजागृती, समुपदेशन, मानधन अशा बाबी वेगवेगळ्या मंजूर होतात आणि एका बाबीचा पैसा परस्पर दुसरीकडे वळवता येत नाही. देयकं पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पेमेंट प्रणालीतून निघतात. त्यानंतर मासिक खर्च अहवाल, सनदी लेखापालाचं लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र, आणि वर देशाचे महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, आहेतच.

थोडक्यात, पोस्टर छपाईचं बिल दहा हातांखालून जातं. ते पोस्टर वाचून कोणी खर्रा (सुपारी, सुगंधी तंबाखू, चुना घोटून केलेलं मिश्रण) सोडला का, हे मात्र यातल्या एकाही कागदावर नसतं. आणि "पैसा खाल्ला का" यापेक्षा "मंजूर पैसा पडून का राहिला" हा प्रश्न बरेचदा जास्त कामाचा ठरतो. कंत्राटी सल्लागाराचं किंवा समुपदेशकाचं पद रिकामं असलं की त्या बाबीचा खर्चही थांबतो.

"पावत्या फाडणं हाच कार्यक्रम"

पावत्या फाटतात हे खरं. पण कशाच्या, ते बघा. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतं, दंड 200 रुपयांपर्यंत. धूम्रपानाला, म्हणजे बिडी-सिगारेटला. तंबाखू चघळणं त्यात येतच नाही. आता 2016-17 च्या गॅट्स, म्हणजे प्रौढांच्या तंबाखू वापराच्या सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे ठेवा शेजारी: प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक धूम्रपान करणारे, 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. मासिक अहवालातला सगळ्यात सहज भरणारा रकाना कलम 4 चा, आणि आपल्याकडचं व्यसन त्या रकान्याबाहेरचं. शंभर पावत्या फाडल्या तरी बसस्टँडमागच्या ठेल्याला त्याची झळ लागत नाही.

खर्र्याला हात घालायचा तर वाटा वेगळ्या आहेत. पानठेल्यावर कातरलेली सुपारी, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर टाकून गिऱ्हाइकासमोर घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून देतात. यात पाकीट नाही, उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही. पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रमय इशारा हवा, हा 2016 पासून लागू असलेला नियम पन्नीवर लावणार कसा? म्हणून इथं मुख्य हत्यार अन्न सुरक्षा कायद्याचं. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली ती याच कायद्याखाली. बंदीचा आदेश एका वेळी वर्षभराचा असतो, म्हणून तो दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी त्या आदेशात येतात.

पण अन्न सुरक्षेची कारवाई पावतीसारखी दोन मिनिटांत होत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो, पंचनामा होतो, एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि नमुना पोचल्यापासून 14 दिवसांत अहवाल यायला हवा. त्यानंतर खटला. यातलं एखादं सील नीट लागलं नाही किंवा पंच फिरला की प्रकरण ढिलं पडतं. त्यामुळे "इतक्या लाखांचा माल जप्त" एवढीच बातमी वाचून खूश होऊ नका. जप्तीतल्या किती प्रकरणांत दोषारोप दाखल झाले आणि किती निकालापर्यंत गेली, हे विचारा.

लहान मुलाच्या हातात पन्नी देणाऱ्याला कोटपाचे 200 रुपये किरकोळ वाटतात. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 77 मात्र किरकोळ नाही: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्या जिल्ह्याच्या अहवालात या कलमाखालच्या गुन्ह्यांचा आकडा आहे का, तेही बघा.

"फलक लावला, फोटो टाकला, शाळा तंबाखूमुक्त"

हा आरोप बऱ्यापैकी लागू पडतो. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांतले फलक, घोषणा, शपथ हे फोटोत मावतात, म्हणून ते आधी पूर्ण होतात. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्री नको, हा निकष फोटोत मावत नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, आणि ते मोजायचे शाळेच्या आवाराच्या बाहेरच्या हद्दीपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी. रस्त्यानं फिरून 120 मीटर भरतात ही ठेलेवाल्याची सबब चालत नाही.

गडबड होते ती मोजणीत. जिल्हा परिषदेच्या शाळेला कुठं कुंपणच नसतं, मग फाटकापासून टेप धरतात, आणि मागच्या बाजूच्या मैदानाला लागून असलेला ठेला आपोआप हद्दीबाहेर जातो. हद्द दाखवणारी पिवळी रेघ समोरच्या डांबरी रस्त्यावर मारतात, मागच्या पांदणीवर नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं 50 मीटरचा टेप घेऊन चारही कोपऱ्यांतून मोजावं, कागदावर कच्चा नकाशा काढून त्यात प्रत्येक ठेला दाखवावा आणि तो मुख्याध्यापकांच्या सहीनं जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला द्यावा. हा कक्ष बहुधा सामान्य रुग्णालयात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली असतो. आणि ठेला ग्रामपंचायतीच्या जागेवर असेल तर पंचायतीलाही एक प्रत द्या. जागा तिची, तर जबाबदारीही तिची.

"बायकांचं प्रमाण वाढलं, सरकारच सांगतं"

सरकार असं सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत तंबाखूचा आकडा 15 ते 49 वयाचा होता. पाचव्या फेरीत तो 15 आणि त्यापुढच्या सगळ्या वयाचा झाला. आपल्याकडे गुडाखू किंवा नस, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, घासणाऱ्यांत साठीच्या आज्या किती असतात हे वेगळं सांगायला नको. त्या मोजणीत नव्यानं आल्यावर आकडा चढणारच. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाढ काढताच येत नाही, आणि घटही नाही. गॅट्सच्या दोन फेऱ्यांची तुलना चालते: महाराष्ट्रात एकूण वापर 2009-10 मध्ये 31.4 टक्के, 2016-17 मध्ये 26.6. पण तो राज्याचा आकडा आहे. त्यावरून "आमचा तालुका सुधारला" म्हणणारा अधिकारी आणि "काहीच झालं नाही" म्हणणारा व्हॉट्सॲपवीर, दोघंही हवेतच बोलतात.

"म्हणून बंद करा"

बंद केलं तर पहिला फटका समुपदेशन केंद्राला बसेल, आणि गरज तर त्याचीच सगळ्यात जास्त. तिथंही आज मोजली जाते ती नोंदणी. माणूस एकदा आला, नाव लिहिलं, आकडा वाढला. तलफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोर करते, तेव्हा फोन गेला नाही तर तो पुन्हा ठेल्यावर दिसतो. एक, तीन आणि सहा महिन्यांनी विचारपूस झाली का, हा रकाना रिकामा असेल तर नोंदणीच्या आकड्याला अर्थ नाही. औषधसाठाही बघावा लागतो. सुपारीनं तोंड आखडलेल्या, तीन बोटं आत न जाणाऱ्या माणसाला निकोटिनचा गम चावणं जड जातं, त्याला त्वचेवरची पट्टी बरी पडते. साठ्यात फक्त गम असेल तर खर्रा खाणाऱ्यासाठी ते केंद्र अर्धंच. तोवर 1800-11-2356 ही मोफत क्विटलाइन आहे.

गावपातळीचा आकडा नाही म्हणतात, तर तो आशाताईंच्या रजिस्टरमध्ये आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली, भरताना तंबाखूचा प्रश्न विचारला जातो: कधीच नाही 0, आधी किंवा अधूनमधून 1, रोज 2. दरवर्षीच्या फॉर्ममधले '2' उपकेंद्रानं फक्त मोजले, नावं न देता, तर गावाचा कल समजतो. ग्रामसभेत समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एवढं विचारता येतं.

जिल्ह्याची कागदपत्रं हवी असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज नमुना 'अ' मध्ये करा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "सगळा हिशेब द्या" लिहू नका, तो अर्ज परत येतो. एका अर्जात जिल्हा समन्वय समितीच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं मागा, दुसऱ्यात कलमनिहाय कारवाई, तिसऱ्यात समुपदेशन केंद्रातली नोंदणी आणि पाठपुराव्याचे मासिक आकडे. प्रतींना पानामागं 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर नमुना 'ब' मध्ये 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा. त्यापुढं नागपूर किंवा अमरावतीचं माहिती आयोगाचं खंडपीठ.