‘काठीला कशाला हजार रुपये?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(प्रतिक्रियेखाली ‘साठी ओलांडलेला भटक्या’ अशी सही आहे, म्हणून काका म्हणतोय. चालवून घ्या.)

‘नवख्यांसाठी स्वस्तातले ट्रेकिंग पोल’ (म्हणजे डोंगरात चालताना टेकायच्या, मिटणाऱ्या काठ्या) या माझ्या लेखावर तुम्ही चांगलाच आसूड ओढलाय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांच्या मते पोल हे शहरी चोचले आहेत, कारवीची एक काठी तोडून घेतली की हरिश्चंद्रगड होतो. शिवाय हजार-बाराशेची जोडी ऐन उतारावर दगा देते, तेव्हा घ्यायची तर भारी घ्या, नाहीतर घेऊच नका. दोन्ही हातांत काठ्या असल्या तर कातळ धरायचा कशाने, हाही सवाल आहे. आणि जाता जाता टोला, की लेखकाला कुठल्यातरी दुकानाकडून काहीतरी सुटत असणार.

टोल्याचं आधी उरकतो. काही सुटत नाही. लेखात खरेदीची एकही लिंक नाही, खाली-वर करून बघा.

आता कारवी. फुकटची काठी चालते पण हजाराची चालत नाही, हे गणित मला सुटलं नाही, पण ते राहू दे. हरिश्चंद्रगडाचा परिसर आज कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथली झाडी तोडायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तुमच्या उमेदीच्या काळात शनिवारी गडावर चार टोळकी असायची, आता पावसाळ्यात पाचनईच्या वाटेवर रांग लागते. त्यातल्या प्रत्येकाने एकेक कारवी मोडली तर? सात वर्षांनी एकदा फुलणारं, फुलून बी धरलं की वाळून जाणारं ते झुडूप आहे, आणि उतारावरची माती त्याच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते. घरून बांबूची काठी आणलीत तर माझी काहीच हरकत नाही. चांगला भरीव बांबू कित्येक पोलांपेक्षा भरवशाचा असतो. फक्त एसटीच्या गर्दीत आणि लोकलच्या दारात तो घेऊन उभं राहून बघा, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर तो कुठे खोचायचा तेही सांगा. पोलाची खरी सोय हीच, की तो मिटतो.

चोचल्यांबद्दल. पोल चढणीत दम वाचवत नाहीत, हे मी लेखातही लिहिलं होतं. उलट हात कामाला लागतात आणि छाती थोडी जास्तच भरते. फायदा उतरताना असतो. 1999 साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 25 अंशांच्या उतारावर माणसांना दोन पोल घेऊन आणि पोलांशिवाय चालवून गुडघ्यावरचा भार मोजला. पोल असताना तो साधारण 12 ते 25 टक्क्यांनी कमी भरला. सरळ, नीट उतारावरचा हा आकडा आहे. आपल्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, तसाच्या तसा येईल असं मी म्हणणार नाही. पण राजगडावरून दुपारी उतरणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाला, आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाला, त्यातला अर्धा जरी मिळाला तरी सोमवारी ऑफिसचा जिना चढताना कळतो.

आता तुमच्या प्रतिक्रियेतला खरा वजनदार मुद्दा: स्वस्त पोल ऐन वेळी आत सरकतो. सरकतो, अगदी खरं आहे. पण स्वस्त आहे म्हणून सरकत नाही, लॉकमुळे सरकतो. लॉक म्हणजे पोलाच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या हव्या त्या लांबीला पकडून ठेवणारा जोड.

बाजारात दोन जाती दिसतात. एकीत नळी पिळून घट्ट करायची. आत एका स्क्रूवर प्लॅस्टिकचा छोटा शंकू बसवलेला असतो. पिळलं की तो फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून दाबून धरतो. नवा असताना छान चालतो. मग पावसाळ्यात नळीत पाणी जातं, पाण्याबरोबर बारीक लाल गाळ जातो, आणि शंकूची पकड निसटायला लागते. माणूस आणखी जोरात पिळतो, प्लॅस्टिक झिजतं, आणि एक दिवस उतारावर अंगाचा भार पडला की पोल सरळ आत जातो. नाहीतर उलटं होतं. ओला पोल तसाच कपाटात पडून राहिला की ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि दिवाळीनंतर तो दोघांनी ओढला तरी उघडत नाही. दुसऱ्या जातीत बाहेरून कळ असते, सायकलच्या सीटची असते तशी. ती सैल पडली तर शेजारचा स्क्रू किंवा छोटी चक्री थोडी आवळायची, काम झालं. बंद आहे की उघडी, हे ओल्या हातांनी, पोंचो घातलेला असतानाही कळतं.

म्हणून माझं सांगणं तेच आहे: पैसे कमी असतील तर वजनात तडजोड करा, मुठीत करा, लॉकमध्ये करू नका. आणि पैसे फारच कमी असतील तर पिळायच्या दोन पोलांऐवजी कळेचा एकच घ्या. पोल सुटाही मिळतो. सह्याद्रीतल्या एका दिवसाच्या ट्रेकला एक पोल आणि एक मोकळा हात हे मला तरी जोडीपेक्षा बरंच वाटतं.

दुकानात परीक्षा करायला वेळ लागत नाही. पोल आपल्या उंचीला लावा, लॉक करा, फरशीवर टेकवा आणि हळूहळू अंगाचा भार टाका. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, त्या हलल्या तर पोल परत ठेवून द्या. टोक जमिनीवर असताना कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर. साडेपाच फुटांच्या माणसाला 110 सेंटिमीटरच्या आसपास, उतरताना त्यात पाच-दहा वाढवायचे. नळीवर ‘स्टॉप’ची खूण असते, तिच्यापुढे खेचायचं नाही. बरेच जण नेमकं तेच करतात आणि मग पोलाला शिव्या घालतात.

भारी घ्यायचं म्हणजे लोक कार्बनचा घेतात, त्यावर माझा आक्षेप आहे. कार्बन हलका खरा, पण दगडांच्या फटीत टोक अडकून आडवा ताण आला की पूर्वसूचना न देता तुटतो. ॲल्युमिनियम आधी वाकतो, आणि वाकलेल्या पोलाने पायथ्याचं गाव गाठता येतं. आपल्याकडच्या वाटा म्हणजे दगडच दगड. नवख्याला कार्बन देऊच नये. स्प्रिंगवाले धक्काशोषक पोलही नकोत, बिघडायला आणखी एक भाग, दुसरं काय?

कातळ धरायचा कशाने? पोलाने नाहीच, यात आपलं एकमत आहे. हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्या, शिड्या, कुठलाही कातळटप्पा आला की पोल मिटून सॅकला, टोक वरच्या बाजूला, पण मागच्याच्या डोळ्यात जाणार नाही असं बांधून. टप्प्याच्या पायथ्याशी थांबून, मधे लटकून नव्हे. दरीकाठच्या आडव्या वाटेवर आणि ओढा ओलांडताना मनगटातला पट्टाही काढायचा. घसरलात तर पोल वाहून गेला तरी चालेल, हात अडकायला नको. आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलंच टोक धरत नाही, ना पोलादी ना रबरी. तिथे बूड टेकवून उतरणं हा आपला जुना मार्ग आहेच.

पोलाच्या टोकावर बसवायच्या रबरी टोपणाचं विचारलं नाहीत, पण सांगतो. ते पायऱ्यांवर आणि कोरड्या खडकावर ठेवायचं, चिखलात शिरण्याआधी काढून खिशात टाकायचं. चिखल ते ओढून घेतो आणि परत देत नाही. तुमच्या बांबूलाही ते लावता येईल. शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्या दुकानात वॉकरचे रबरी बूट सुटे मिळतात. काठीची जाडी मोजून न्या, तिच्यापेक्षा किंचित कमी मापाचा मागा, म्हणजे घट्ट बसेल.