खुलासा : कॉर्नवॉलमध्ये 'रिफॉर्म'ची सत्ता आलेली नाही

मे 2025 च्या निवडणुकीत इंग्लंडमधली कॉर्नवॉल कौन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) रिफॉर्म यूके या पक्षाने जिंकली, असा मजकूर फिरतो आहे. अर्धवट खरं. 87 पैकी 28 जागा घेऊन रिफॉर्म सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमताला 44 लागतात. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 26, अपक्षांना 16. म्हणजे सभागृह त्रिशंकू. तिथे कौन्सिलचा नेता सभागृहातल्या मतदानाने ठरतो, मोठ्या पक्षाला खुर्ची आपोआप मिळत नाही. लिबरल डेमोक्रॅटांनी अपक्षांना सोबत घेतलं आणि लिबरल डेमोक्रॅटांचे ली फ्रॉस्ट नेते झाले. आपल्याकडे 2019 साली 105 आमदारांचा भाजप विरोधात बसला होता, तसंच काहीसं. 'आता फेरनिवडणूक होणार' असंही म्हटलं जातंय, तीसुद्धा अफवाच.