यादी कोणाची, झाड कोणाचं

आमच्या नवापूरकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा डिलिस्टिंग पेटलंय. ज्या आदिवासींनी धर्म बदलला त्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी ती मागणी. आज अनुसूचित जातीच्या दाखल्याला धर्माची अट आहे, जमातीच्या दाखल्याला नाही. मागणी करणारे म्हणतात, जो चर्चला गेला त्याने रूढी-परंपरा सोडल्या, मग सवलत कशाची? आमची ख्रिस्ती माणसं उत्तर देतात, मिशनने दवाखाने दिले, शाळा दिल्या, ते कुठे गेलं? दोन्हीकडचं बोलणं मला लहानपणापासून पाठ आहे. युगांडात मसाक्याजवळ मिशनच्या शिवणवर्गात शिकवायला लागले तेव्हापासून मात्र दोन्ही अर्धवट वाटतात.

इथला जुना कपडा झाडाच्या सालीचा. मुतुबा नावाचं, आपल्या वड-पिंपळाच्या कुळातलं झाड. पावसाळ्यात त्याची आतली साल सोलतात आणि उघड्या खोडाला लगेच केळीची पानं गुंडाळतात. झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. मग साल पटकन वाळू नये म्हणून मोकळ्या शेडखाली बसून ती लाकडी मोगरीने बडवायची. मोगरीला खाचा असतात, आधी जाड खाचांची घ्यायची, मग बारीक. बडवता बडवता अरुंद साल अंगावर घेण्याएवढी रुंद होते, आणि उन्हात वाळवली की विटकरी रंग चढतो. राजाचा राज्याभिषेक असो की घरातलं मयत, बुगांडात, म्हणजे युगांडातल्या या जुन्या राज्यात, हे कापड लागतंच. 2005 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

आता आमच्या बाजूला न आवडणारी गोष्ट. सुती कापड इथे आधी अरब व्यापाऱ्यांनी आणलं. 1877 मध्ये प्रोटेस्टंट मिशनरी आले, 1879 मध्ये कॅथलिक. 1903 मध्ये कापसाचं बियाणं आणलं ते चर्च मिशनरी सोसायटीच्या बोरुप यांनी. सालीचं कापड पूर्वजांच्या पूजेत वापरतात, म्हणून ते सैतानाचं, असं कितीतरी चर्चमधून सांगितलं गेलं. माझ्या वर्गातल्या काही मुली आजही त्याला हात लावायला कचरतात. दवाखाने-शाळांची यादी वाचून हे खोडता येत नाही.

पण समोरच्यांचंही गणित इथे चुकतं. मुली हौसेने शिवायला शिकतात तो गोमेसी, म्हणजे टोकदार खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा बांधायचा पायघोळ झगा. लग्नाच्या बोलणीला बायका हाच घालतात, हाच आमचा परंपरेचा पोशाख असं ठासून सांगतात. तो बेतला 1905 च्या सुमारास, गायाझाच्या मिशन शाळेतल्या मुलींसाठी, गोम्स नावाच्या एका गोवेकराने! (हे ग्रुपवर टाकलं तर कोण कोणावर चिडेल, सांगता येत नाही.) आमच्या शेजारचे मोगरीवाले आजोबा रविवारी न चुकता मिस्साला जातात आणि सोमवारी कोणाच्या तरी मयताचं कापड बडवायला बसतात. त्यांना यात काही विसंगत दिसत नाही.

हे आजोबा टिकले कशामुळे, याचा मी बराच विचार केला. इथे मुतुबा कॉफीच्या आणि केळीच्या बागेत सावलीसाठी लावतात. झाड शेतकऱ्याच्या बांधाआत, कोणाची परवानगी नको.

आमच्याकडच्या कोटवाळिया आदिवासींचं बघा. टोपल्या, सुपं, कणग्या विणणारी माणसं. त्यांचा कच्चा माल बांबू, आणि 1927 च्या वनकायद्यात बांबूची गणना झाडात होती. म्हणजे जंगलातून परवानगीशिवाय तोडला की गुन्हा. 2006 च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात, म्हणजे आदिवासींना गोळा करून विकता येणाऱ्या जंगलमालात आला, 2017 मध्ये जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. एवढ्या काळात आठवडे बाजारात प्लास्टिकचे टब येऊन बसले. विणणारा आदिवासींच्या देवमोगरा मातेला जातो की चर्चला, यावरून टोपलीचा भाव एका रुपयानेही हलला नाही.

मोर्चे निघतील, उलट मोर्चेही निघतील, दोन्हीकडून कलेक्टर साहेबांना निवेदनं जातील. त्यातल्या एकात तरी, अगदी शेवटच्या मुद्द्यात का होईना, कोटवाळियांच्या वस्तीलगत बांबू लावायला जागा द्या, असं कोणी लिहिणार असेल तर माझी सही फोनवरून पाठवते. कोणत्याही बाजूच्या कागदावर चालेल.